आधी खड्डा, मग भट्टी

वुकोसावने तीस वर्षं आमच्या गावात आलुबुखारांची दारू गाळली. राकिया. तांब्याचा शंभर लिटरचा हंडा बैलगाडीवर, पुढे ट्रॅक्टरवर टाकून तो घरोघर जायचा. मी लाकडं फोडायचो, जाळ राखायचो. त्याला जाळ एकसारखा लागायचा. जरा वर गेला की म्हणायचा, "घाई असेल तर लग्न कर, भट्टीवर येऊ नकोस."

दारू उतरली की हंड्यात मळी उरते. गरम, आंबट, चिकट. एका हंड्यामागे ऐंशी लिटर. ती कुठे जायची? ओढ्यात. सगळी घरं ओढ्याच्या वर, ओढा खाली. बादली तिरकी केली की काम झालं. आमच्या बापांनी तेच केलं, आम्हीही तेच केलं. वुकोसावनेही इतकी वर्षं तेच केलं, हे तो कधी लपवत नव्हता.

मग एका कोरड्या ऑक्टोबरात चार घरांच्या भट्ट्या एकाच दिवशी लागल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या उतारावर मासे पोट वर करून पडले होते. वुकोसावची गाय पाण्याला तोंड लावेना. तो तासभर काठावर उभा राहिला आणि घरी येऊन म्हणाला, "आधी खड्डा, मग भट्टी. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल. नाही तर माझा हंडा येणार नाही."

गाव हसलं. "मासे तुला पेन्शन देतात का रे?" "वुकोसाव मंत्री झालाय, खड्डेखात्याचा!" बावीसपैकी तेरा घरांनी शेजारच्या गावचा भट्टीवाला धरला. तो काही विचारत नसे. तीन वर्षांत वुकोसावकडे नऊ घरं उरली. त्यांच्याही खड्ड्यांत तो फूटपट्टी घेऊन उतरायचा. अशा माणसाला कोण बोलावणार?

ट्रिफुनने बोलावलं. बोलावणं भागच होतं, तो वुकोसावचा कूम. लग्नात साक्षीला उभा राहिलेला, पोरांचा धर्मपिता. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमशी नाही. ट्रिफुनचा खड्डा मापात होता. चिकणमातीचा, कडा सरळ. वुकोसाव खूश झाला. "बघा, असा खणतात!"

दहा हंडे गाळायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सहावा उतरला. मेंढी भाजून झाली होती, पाहुणे बाकांवर बसले होते. आतापर्यंत बादल्या ट्रिफुन नेत होता; या वेळी वुकोसाव बादली घेऊन खड्ड्याशी गेला आणि तिथेच थांबला.

"सहा हंडे," तो मला म्हणाला. "गुडघ्याएवढी मळी हवी. तळ दिसतोय."

"मातीने पिली असेल."

"चिकणमाती पिते?"

तो उतार उतरून ओढ्याकडे गेला. बोरीच्या झुडपामागून एक काळी नळी निघाली होती, तिच्यातून तपकिरी फेस पाण्यात पडत होता. खड्ड्याच्या तळाला भोक ठेवून ट्रिफुनने वरून दगड रचले होते. नळी पुरायला त्याने बारा मीटर चर खणला होता. खड्डा नुसता ठेवला असता तर निम्मे कष्ट वाचले असते.

वुकोसाव वर आला आणि हंड्याखालचा जाळ ओढून काढू लागला.

"अरे, काय करतोस? सातवा चढलाय!" ट्रिफुन धावला.

"कूम, नळी कसली आहे?"

"पावसाच्या पाण्याची! खड्डा भरून वाहिला असता तर?"

"खड्डा भरण्यासाठीच असतो, गाढवा."

"पाहुण्यांसमोर मला गाढव म्हणालास? हंडा घेऊन गेलास तर आपलं नातं संपलं."

वुकोसावचे हात थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मग त्याने सातव्याची फळं पिपात परत ओतली, हंडा गार होऊ दिला, गाडीवर चढवला आणि गेला. त्याने मेंढीला हातही लावला नाही.

ट्रिफुनने दुसरा भट्टीवाला आणला. उरलेले चार हंडे त्याने गाळले. गावात बोलणं झालं की वुकोसावने कूम गमावला, तेही मळीपायी.

डिसेंबरात वुकोसावच्या घरी संत निकोलाचा सण होता. त्या दिवशी आवतण देत नाहीत. ज्याला यायचं तो येतो. दुपारपर्यंत वुकोसाव तीनदा दारात जाऊन आला. शेवटी ट्रिफुन आला, बायको स्तामेनाला घेऊन. मेणबत्तीसमोर छातीवर क्रूसाची खूण केली, बसला. वुकोसावने ताटात मासा वाढला.

"ओढ्यातला?"

"बाजारातला. ओढ्यातले तू मारलेस."

ट्रिफुन चावत राहिला. मग म्हणाला, "हिने नळी बुजवली. चिंध्या, दगड, वरून चिखल. दुसरा भट्टीवाला बघत असताना."

"तुम्ही दोघं बैलांसारखे टकरा घेत होतात," स्तामेना म्हणाली. "कपडे मी धुते त्या पाण्यात."

"आता चार हंड्यांची मळी साचलीय. वास मारतेय. काय करू?"

"चुना कालव, आठ दिवस ठेव, मग शेतात पसर. बत्तीस बादल्या."

"शेत वर आहे!"

"म्हणूनच तर सगळे खाली ओततात."

"बत्तीस बादल्या चढावर कोण नेणार? माझी कंबर बघ."

"चर खणताना कुठे होती कंबर?"

स्तामेना हसली. ट्रिफुनने ग्लास रिकामा केला, पुन्हा पुढे सरकवला.

"तुझी ढकलगाडी देशील?"

"चाकात हवा नाही."

"भरून घेतो."

"आणि धुऊन परत आण," वुकोसाव म्हणाला. "ओढ्यात नव्हे."