सोनिकाचा लांब थ्रो

गिरिधर रंगारी सकाळी कळमन्याच्या बाजारात धान्याची पोती उचलतो आणि चारनंतर आमच्या शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवतो. त्याच्याकडे प्रशिक्षकाचं एकही सर्टिफिकेट नाही. मी शाळेची पीटी टीचर, कागदोपत्री प्रशिक्षक मीच, त्यामुळे सुरुवातीला आमचं अजिबात पटायचं नाही. पण तो थ्रो-इन शिकवायला उभा राहिला की मी गप्प बसायचे.

बाकीचे प्रशिक्षक मुलींना एवढंच सांगतात: दोन्ही हात, डोक्यामागून, पाय जमिनीवर. हे नियम झाले. बॉल लांब कसा जातो, ते गिरिधरला ठाऊक होतं. "जोर हातात नसते वं, टाचेत असते," तो म्हणायचा. दोन पावलं धावायचं, पुढचा पाय रोवायचा, मागच्या पायाचा अंगठा जमिनीला घासत ठेवायचा. मग तो जोर मांडीतून कमरेत, पाठीत, खांद्यात आणि शेवटी बोटांत येऊ द्यायचा. बॉल कपाळाच्या किंचित पुढे आला की सोडायचा. उशीर झाला तर तो जमिनीवर आपटतो. हे सगळं त्याला पोत्यांनी शिकवलं होतं.

सोनिका त्याची लाडकी. वय चौदा, अंगानं काडी, पण कमरेतून इतकी मागे वाकायची की तिच्या हातून सुटलेला बॉल थेट गोलसमोर पडायचा. त्या थ्रोच्या जोरावर आम्ही आंतरशालेय स्पर्धेची फायनल गाठली. राज्याच्या संघासाठी मुली निवडणारे दोघं सदर भागातल्या मैदानावर खास तिलाच बघायला आले होते.

शेवटची सहा मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. सोनिकाचे आधीचे दोन थ्रो आखूड पडले होते आणि ते दोघं आपसात काहीतरी कुजबुजत होते. तेवढ्यात समोरच्यांच्या गोलजवळ बॉल बाहेर गेला. थ्रो आमचा. सोनिका बॉल उचलायला गेली.

ती वाकली नाही. एक हात मांडीवर टेकवून, पाठ ताठ ठेवून गुडघ्यावर बसली, आणि बॉल घेऊन तशीच मांडीचा आधार घेत उठली. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. गिरिधर मात्र ताडकन उभा राहिला.

"मॅडम, पोरगी बदला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आत्ता?"

"बदला म्हणतो ना मी!"

तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मी हलत नाही म्हटल्यावर त्यानंच रेषेवर जाऊन रेफ्रीला हात केला आणि बाकावरच्या ताराला पुढे ढकललं. सोनिका बॉल छातीशी धरून उभीच.

"सर, काहून काढून राहिले मले? ते लोक पाहून राहिले ना!"

तिनं बॉल आपटला आणि बाहेर आली. ताराचा थ्रो आखूड पडला, समोरच्या मुलींनी तो पळवला आणि मिनिटभरात आमच्यावर गोल झाला. सामना गेला. निवडणारे दोघंही निघून गेले. मला गिरिधरची मान मुरगळावीशी वाटली, खोटं कशाला सांगू.

मुली कपडे बदलायला गेल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आमच्या हमालांच्या टोळीतले म्हातारे असे उठतात मॅडम. पाठ गेलेले."

पुढचंही त्यानंच सांगितलं. थ्रो केला की कमरेत कळ येते, असं सोनिका त्याला दिवाळीतच म्हणाली होती. आणि हा गडी खूश झाला होता! बाजारात नवा हमाल पाठ दुखते म्हणाला की जुने हसतात. दुखलं म्हणजे काम अंगात मुरायला लागलं, अशी तिथली समजूत. त्यानं तेच तिला ऐकवलं, "दुखू दे, पाठ तयार होऊन राहिली तुही." सर म्हणतात म्हणून पोरीनं दोन-अडीच महिने दात आवळून थ्रो केले. घरीसुद्धा बोलली नाही.

दवाखान्यात जाण्याआधी मी त्याला बजावलं, "तिथे काही बोलू नका. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला शाळा एका दिवसात काढेल."

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. कमरेच्या मणक्याला बारीक चीर होती. वाढत्या वयात हाड कच्चं असतं, ते म्हणाले, रोज त्याच जागेतून मागे वाकलं की तडकतं. "कधीपासून दुखतंय?"

सोनिकाची आई, प्रेमिला, पोरीकडे बघू लागली.

"फायनलच्या दिवशीच दुखलं," सोनिका म्हणाली. गिरिधरकडे तिनं पाहिलंही नाही.

"नीट आठव. चीर ताजी आहे की जुनी, त्यावर इलाज ठरतो. चुकलं तर ती जुळणार नाही."

"त्याच दिवशी."

पोरगी आपल्या सरांना वाचवत होती. आणि मला, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं. मी फरशीकडे बघत बसले.

"ते खोटं बोलून राहिली, डॉक्टरसाहेब," दाराजवळून गिरिधर म्हणाला. "दिवाळीपासून दुखते तिले. तिनं मले सांगितलं होतं. मीच म्हटलं, दुखू दे."

प्रेमिला खुर्चीतून उठली. गिरिधर जागचा हलला नाही. सोनिका हुंदके देऊन रडायला लागली, आणि डॉक्टरांनी लिहायला घेतलेला कागद बाजूला सारून दुसरा घेतला.