व्हॉन कुचेराचा उजवा खांदा

“बाबा, तू यात पडू नकोस. तू आपली धान्याची वजनं कर.”

“मी काही खेळाचं बोलत नाहीये,” धान्याच्या गोदामात काट्यावर काम करणारा गॉर्डन म्हणाला. “मी हाताचं बोलतोय. एका दिवसात दोन सामने म्हणजे खूप झालं.”

“दोन सामने सगळ्याच टाकतात!”

“सगळ्यांचं मला काय सांगतेस? सगळ्या माझ्या मुली आहेत का?”

कोरीनने चमचा टेबलावर आपटला. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाची पहिल्या क्रमांकाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती, आणि त्या संघाची मुख्य कोच म्हणजे तिची आई, व्हॉन, पाठमोरी उभी राहून चिली, म्हणजे मांस आणि राजम्याचा तिखट रस्सा, ढवळत होती. गुरुवार होता. शनिवारी आमच्या भागातल्या लहान कॉलेजांच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. सकाळी उपांत्य सामना आणि तो जिंकला की दुपारी लगेच अंतिम.

“कोच, तू काहीतरी बोल ना,” कोरीन म्हणाली. घरात ती आईला कोच म्हणायची ती फक्त टोचायला.

“ती काय बोलणार? यादीत दोन्ही सामन्यांना तुझंच नाव घातलंय तिने,” गॉर्डन म्हणाला. “मेरिबेथ काय नुसती पाण्याच्या बाटल्या भरायला आहे?”

“मेरिबेथ पहिल्या वर्षाची आहे, गॉर्डन,” व्हॉन न वळता म्हणाली. “समोरचं कुणी बेसवर पोचलं की तिचे गुडघे लटपटतात.”

“लटपटू देत. गुडघे तुटत नाहीत लटपटून.”

खिडकीपाशी बसलेल्या आर्लीनबाईंना, म्हणजे व्हॉनच्या आईला, जावयाचं हे बोलणं मुळीच आवडलं नाही. “खालून टाकलेल्या चेंडूने कुणाचा खांदा गेलाय का आजपर्यंत?” त्या म्हणाल्या. “वरून टाकतात ती बेसबॉलवाली पोरं. त्यांचे खांदे जातात. खालून हात फिरवणं ही देवाने दिलेली चाल आहे. आपण चालताना हात हलवतो ना, तसंच ते.”

“तुम्ही देवाला मध्ये आणू नका, आर्लीन.”

“मी आणेन. माझं घर नसलं तरी देव माझा आहे.”

आर्लीनबाई जे म्हणाल्या ते नेब्रास्कातल्या आमच्या पट्ट्यात सगळेच म्हणतात. बेसबॉलचा मुलगा एक सामना टाकतो आणि पुढचे काही दिवस दंडावर बर्फ लावून राजासारखा बसतो. मुलगी सकाळी टाकते, दुपारी टाकते, उद्या परत टाकते. पाद्री असंच म्हणतात, दाताचे डॉक्टर असंच म्हणतात. नवीन मुली मिळवायला व्हॉन गावोगाव लोकांच्या घरी जाऊन बसायची, तेव्हा आयांना तीही हेच सांगायची.

व्हॉनचे वडील एमिल डुकरं पाळायचे. थंडीत यंत्रांच्या शेडमध्ये हीटर लावून ते उलट्या बादलीवर बसायचे आणि मुलीचे चेंडू झेलायचे. इथल्या प्रत्येक पिचरचा बाप असा कुठल्या ना कुठल्या बादलीवर बसलेला असतो. शाळेत असताना व्हॉनने एका शनिवारी तीन सामने टाकले आणि तिन्ही जिंकले. एमिल वारले त्या वर्षापर्यंत हे ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणाची सुटका नव्हती.

कॉलेजात तिने तेच केलं. मग शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि पुढे आपल्याच कॉलेजात दुय्यम कोच. दुय्यम म्हणजे व्हॅन चालवायची, गणवेश धुवायचे, हरलेल्या मुलींसाठी पिझ्झा मागवायचा आणि जिंकलेल्यांसाठीही तोच. मुख्य कोच मोठ्या विद्यापीठात गेले तेव्हा ऑगस्ट होता, कॉलेज सुरू व्हायला आलं होतं आणि दुसरं कुणी मिळण्यासारखं नव्हतं. “मी गुणावर नाही, महिन्यावर लागले,” असं व्हॉन स्वतःच हसून सांगते. बेसबॉलवाल्यांना बस मिळाली, मुलींना अजून व्हॅनच आहे. पाऊस पडून गेला की मैदानातलं पाणी ती स्पंजने टिपते, वर कोरडी माती पसरते, मग गवत कापायच्या गाडीमागे जाळी बांधून सगळं सपाट करते. स्पर्धेत तिचा संघ कितीदा तरी दुसरा आला. पहिला कधीच नाही.

आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. चर्चसमोर बर्फावर घसरले, असं तिने गावाला सांगितलंय. मुलीलाही तेच सांगितलंय. आर्लीनबाईंना खरं काय ते माहीत आहे, पण त्या बर्फच धरून बसल्या आहेत, कारण नाहीतर बादलीवर बसलेल्या माणसाचं नाव घ्यावं लागेल. गॉर्डन मात्र रोज सकाळी बायकोच्या ब्रेसियरचे हुक लावतो. त्याची बोटं जाड आहेत. तो नुसता नाकाने श्वास सोडतो.

व्हॉनने डाव्या हाताने भांडं उतरवून टेबलावर ठेवलं. “रोल गरम आहेत. आधी खा,” ती म्हणाली. चिलीबरोबर दालचिनीचे रोल नसले तर या घरात कुणी जेवत नाही.

“आधी सांग,” कोरीन म्हणाली. “मी टाकणार ना दोन्ही?”

“यादीत नाव आहे ना तुझं?”

“ऐकलंस, बाबा?”

“ऐकलं,” गॉर्डन म्हणाला. “तुझ्या आईला पहिल्या नंबराची ती ढाल हवीय. मलाही हवीय तिच्यासाठी. पण खांदा कुणाचा जाणार?”

“गॉर्डन, मी दमलेय रे,” व्हॉन म्हणाली. “एकदा, फक्त एकदा मला दुसरं यायचं नाहीये. एवढंही मागू नको का मी?”

गॉर्डनने रोलचा तुकडा चिलीत बुडवला.

कोरीन वाकली तसे तिचे मोकळे केस वाटीत गेले. “शी!” ती म्हणाली आणि खुर्चीवरून अर्धी वळली. “आजी, जरा केस बांधून दे ना. रबर माझ्या मनगटात आहे.”

आर्लीनबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि नातीचे केस गोळा केले. “रोजचं झालंय हे तुझं,” त्या लाडाने म्हणाल्या. “एवढी घोडी झालीस तरी.”

“कधीपासून?” व्हॉनने विचारलं.

“काय कधीपासून?”

“आजी तुझे केस कधीपासून बांधतेय?”

“अगं, तिला आवडतं म्हणून...”

“वर कर हात.”

“आई, जेवताना काय हे?”

“उजवा. वर कर.”

कोरीनने हात वर केला. कानापर्यंत आला. तिथून पुढे तिने खांद्याऐवजी अख्खी कंबरच तिरकी केली, हसून, जणू मुद्दाम. व्हॉनला ती युक्ती ओळखीची होती. अंगात स्वेटर घालताना ती स्वतः रोज तेच करते.

“थोडा आखडलाय,” कोरीन म्हणाली. “शनिवारनंतर विश्रांतीच आहे की. शेवटचं वर्ष आहे माझं, आई. यानंतर मी कुठे टाकणार आहे?”

“हो,” व्हॉन म्हणाली. “मीही असंच म्हणाले होते.”

“तू बर्फावर पडलीस.”

“नाही पडले.”

आर्लीनबाईंनी रबराचा शेवटचा वेढा दिला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. कोरीन आईकडे, मग बापाकडे बघत राहिली. गॉर्डन बशीतच बघत होता. कोरीनचे डोळे भरले. “म्हणजे तू आयुष्यभर सगळ्यांना खोटं सांगितलंस, आणि आता त्याची शिक्षा मला?”

“शिक्षा म्हण.”

“मेरिबेथ हरेल. पहिल्याच सामन्यात हरेल, कोच!”

“बहुतेक हरेल.”

“मग?”

व्हॉन खुर्ची ओढून बसली. आपली वाटी भरली, गॉर्डनच्या वाटीत आणखी वाढलं, मग मुलीच्याही.

“शनिवारी सगळे डाव मेरिबेथ टाकेल,” ती म्हणाली. “कोरीन स्कोअर लिहील. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय. गॉर्डन, गाडी तू काढ.”