बोरमळ्याचं रतनगंज

रंगनाथच्या तोंडात देवानं जीभ घातली नव्हती, भोंगा घातला होता. बोरमळा म्हणजे नगरच्या अलीकडचं एवढंसं स्टेशन. फलाट मातीचा नि तिकीटघर कोंबड्यांच्या खुराड्याएवढं. कमिशनवर तिकिटं विकायची आणि गाडी आली की गावाच्या नावानं आरोळी ठोकायची, हा रंगनाथचा धंदा. पाटी वाचून उतरणारे थोडे, "बोरमळाऽऽ! उतरा, बोरमळाऽऽ!" ऐकून उतरणारेच जास्त. घरात मात्र भोंगा बंद. तिथं बायको भागूबाई बोलायची आणि हा "व्हय" म्हणायचा. विचारलं काय होतं, ते बऱ्याचदा नंतर कळायचं.

एकाहत्तर साली इंग्रजांच्या काळातला सिनेमा काढायला मुंबईची मंडळी बोरमळ्यात उतरली. मोडीत निघायच्या बेतातलं एक वाफेचं इंजिन त्यांनी मागून आणलं, त्याचं पितळ चिंचेनं घासलं, मागं तीन लाकडी डबे जोडले आणि 'बोरमळा'च्या पाटीवर 'रतनगंज' लिहिलेली फळी ठोकली. झालं! शेजारची मालनबाई आळीभर सांगत सुटली, "गाव इकलं बया! नवं नाव बी पडलं!"

डायरेक्टरनं रंगनाथची आरोळी ऐकली नि तो खुर्चीतून उठलाच. "हाच आवाज पाहिजे! फक्त 'रतनगंज' म्हणायचं. चुकूनसुद्धा बोरमळा नाही. आणि मी 'कट' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. कळलं?"

"व्हय," रंगनाथ म्हणाला.

नेमकं त्याच दुपारच्या गाडीनं त्याच्या लेकीला, मनकर्णेला, बघायला कर्जतकडची मंडळी येणार होती. भागूबाईनं सकाळीच बजावलं होतं, "गाडीवर ध्यान ठिवा. मागची सोयरीक तुमच्या तोंडानं गेली. त्यांनी इचारलं पोरगी तापट हाय का, तर म्हनं व्हय! आता ही बी गेली तर मला माहेरी घालवा."

"व्हय," रंगनाथ म्हणाला.

सकाळपासून खाकी कोट आणि लाल पागोटं चढवून तो "रतनगंज, रतनगंज" ओरडत होता. कधी ढग आडवा येई, कधी बकरी. ओरडून ओरडून जिभेला घट्टा पडला. खऱ्या गाडीच्या वेळी फळी काढायची असं ठरलं होतं, पण फळीवाला बांधावर ऊस सोलत बसलेला. गाडी आली. रंगनाथनं छाती फुगवली आणि ठोकली, "रतनगंऽऽज!"

गावची माणसं हसत उतरली. एका खिडकीतून पिवळं पागोटं बाहेर आलं, पाटी वाचून पुन्हा आत गेलं. गाडी हलली, तेव्हा त्याच खिडकीत रंगनाथला मध्यस्थ सहादेव दिसला. तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. रंगनाथनं धावावं, तर कुणी अजून 'कट' म्हटलेलं नाही! कॅमेरा चालू आहे की बंद, हे विचारायला तो वळला, तोवर गाडी वळणाआड.

नगरला सहादेवला जाग आली. समोर पाणी भरायला आलेलं सिनेमाचं इंजिन बोरमळ्याकडं तोंड करून उभं. "बोरमळ्याला जातं का?" म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "दुसरीकडं कुठं जाणार?" मंडळी मागच्या डब्यात चढली. आत गोऱ्या सोजिरांच्या वेशातली पुण्याची पोरं विड्या ओढत बसलेली. पिवळ्या पागोट्यातला मुलाचा बाप कारभारी सहादेवच्या कानाला लागला, "पावनं, हे गोरे लोक देश सोडून गेल्ते ना?"

बोरमळ्यात कॅमेरा तयारच होता. मंडळी उतरली, बावरून चहूकडं बघत राहिली. डायरेक्टरला भरून आलं. "वा! काय गोंधळलेले चेहरे! परत एकदा!"

त्यांना परत चढवलं, परत उतरवलं. मुलाची आई कडूबाई भडकली, "पोरगी बघाया आलोय का डब्यातून उड्या मारायला?" कारभारी सरळ लाल पागोट्यापुढं जाऊन उभा राहिला. "ओ, खरं सांगा. हे बोरमळा हाय का न्हाई?"

रंगनाथनं पाटीकडं पाहिलं. डायरेक्टरकडं पाहिलं. आतून बोरमळा वर आला, जिभेवर रतनगंज बसलेलं, आणि तोंडातून निघालं, "बोरगंज!"

"ह्ये तिसरंच!" कारभारीनं कपाळाला हात लावला. "सहादेव, कुठल्या गावाला आनलंस रं?"

सहादेवनं डोळे चोळून पागोट्याखालचा माणूस ओळखला. "अहो, हेच तर मुलीचे वडील!"

"हे?" कारभारी म्हणाला. "ज्याला सोताच्या गावाचं नाव ठावं न्हाई, त्याची पोर करायची? चल माघारी." आणि मंडळी पुन्हा डब्यात चढली. डायरेक्टर ओरडला, "छान! चालू ठेवा!" इंजिननं शिट्टी दिली.

रंगनाथला काही सुचेना. कॅमेऱ्यापुढं हलायचं नाही आणि न हललं तर पोरगी घरात. शेवटी त्यानं पागोटं काढून काखेत मारलं, डबा धरला आणि अशी आरोळी ठोकली की बकऱ्या उधळल्या, "बोरमळाऽऽ! उतरा हो, बोरमळाऽऽ! आमचंच गाव हाय, उतराऽऽ!"

डायरेक्टर मटकन खाली बसला. कडूबाईनं खिडकीतून मुंडकं काढलं. "हा आवाज खरा वाटतोय," म्हणत ती पिशवी घेऊन उतरली. ती उतरली म्हटल्यावर कारभारीही उतरला.

घरी कांदेपोहे झाले. मनकर्णा पाटावर बसली, पण कारभारीच्या मनातला गोंधळ काही जाईना. नाव राहिलं बाजूला, त्यानं आधी हेच विचारलं, "पोरी, तुझ्या गावाचं नाव काय?"

"बोरमळा," मनकर्णा म्हणाली. "पाटीवर कायबी लिव्हू द्या."

"तापट हाय का गं?" कडूबाईनं विचारलं. रंगनाथनं तोंड उघडलं. भागूबाईनं त्याच्या मांडीला करकचून चिमटा घेतला. ते मिटलं.

"हाय थोडी," मनकर्णाच म्हणाली.

तेवढ्यात स्टेशनकडून कर्ण्यावर पुकारा झाला, "रंगनाथऽ! लाल पागोटं घेऊन या!" रंगनाथ ताडकन उठला, बायकोकडं बघून बसला, पुन्हा अर्धा उठला. उभं राहावं की बसावं?

कडूबाईनं पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली. "बसा हो व्याही," ती म्हणाली. "त्यांना म्हनावं, आज दुसरा भोंगा बघा."