अण्णांचं नाक

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत जन्म काढला. प्रयोगशाळेत यंत्रं होती, पण शेवटचा कौल त्यांच्या नाकाचा. मळीचा वास त्यांच्या अंगात इतका मुरलेला, की लहानपणी मला तो बापाचाच वास वाटायचा. कुठल्याच दारूच्या नादी न लागलेला हा माणूस फ्रेंच वाइनच्या नादी लागला तो एका इंजिनिअरमुळे. कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या त्या फ्रेंच माणसाने जाताना आपल्या गावची एक बाटली दिली. त्या गावाचं नाव म्हणे त्याच्या देशातही फार कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून अण्णांचा तोच छंद, नाव न झालेल्या गावांची वाइन शोधायची. निवृत्तीनंतर ते आणि आई भिंगारला राहायला आले. मी पुण्यात नोकरीला. दोन-तीन महिन्यांतून एकदा बाटली घेऊन जायची, आणि कुठली आणायची यावर आधी फोनवर वाद घालायचा. अण्णांचं म्हणणं, मोठ्या गावाची नको, त्याच्या शेजारच्या गावाची बघ. माती तीच, ऊन तेच, भाव मात्र निम्मा. लेबलावर तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच, ज्याने द्राक्षं पिकवली त्यानेच बाटली भरली असेल तर घे. "राजूरच्या पेढ्याला राजूरचं नाव, दूध मात्र आसपासच्या वाड्यांचं. आपण वाडी शोधायची," असं म्हणायचे. एकदा मी हौसेने मोठ्या नावाची बाटली नेली, तर एक घोट घेऊन "नाव सोनूबाई" एवढंच म्हणाले आणि ग्लास बाजूला सारला. उरलेली मी एकटीने संपवली.

बापलेक बसून पितात ही बातमी नातेवाइकांत पोचायला वेळ लागला नाही. मी कुणाला भीक घातली नाही. आई मात्र बाटली उघडली की स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. तिचं माहेर शिंगणापूरचं, बिनदाराच्या घरातलं. मनात एक आणि तोंडावर एक हे तिला जमतच नाही. नाही आवडत म्हणजे नाही आवडत. जन्मात तिने एक थेंब तोंडात घेतला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात रुली नावाच्या गावची पांढरी वाइन मिळाली. नामवंत गावांच्या जरा खाली, दक्षिणेला असलेलं हे गाव. अण्णांच्या मनासारखी वाडीच. संध्याकाळी पुढच्या खोलीत बसलो. मी बाटली उघडायला घेतली तर बूच वर सरकलेलं आणि मानेवर चिकट ओघळ. कुठेतरी उन्हात तापली होती. अशी बाटली अण्णा नुसता अंगठा फिरवून परत करायला लावत. त्या दिवशी त्यांनी बाटलीकडे न बघताच ग्लास पुढे केला. ओतली तेव्हा वास माझ्यापर्यंत आला. सडक्या फळाचा.

अण्णांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. "वा!" म्हणाले. "लिंबाचं फूल. आणि पाण्यात भिजलेला दगड."

मागच्या बाटलीलाही ते हेच म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. कारखान्यात ज्या नाकाचा शब्द शेवटचा, त्या नाकाला काही कळत नव्हतं, आणि ते माझ्यापासून लपवत होते. मला भयंकर राग आला, पण कुणाचा ते कळेना. मी घोट घेतला. कसाबसा गिळला.

"छान आहे, अण्णा," मी म्हणाले.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. तो वास स्वयंपाकघरापर्यंत गेला असणार. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि खाली बसत म्हणाली, "मलाबी द्या जरा."

अण्णांनी आपला ग्लास पुढे केला. काढा घ्यावा तसा तिने मोठा घोट घेतला. तोंड वाकडं झालं, ते तिने सरळ केलं.

"लई चांगली हाय की," ती म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"खराब झालीय ना?"

अण्णांनी तिच्या हातातून ग्लास काढून घेतला.

"चांगली असती तर तू प्याली नसतीस."

आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आमटी करपली तरी तुमी गप जेवता. परवा गॅस उघडा राहिला तर त्याच्या शेजारी पेपर वाचत बसला हुता. मला काय कळत न्हाई व्हय?"

"डॉक्टरला दाखवून आलोय," अण्णा म्हणाले. "वास परत येणार नाही म्हणाला."

मला रडू आवरेना. ते लपवायला मी उठले, बाटली उचलली आणि मोरीत ओतायला निघाले.

"थांब," अण्णा म्हणाले. "बस खाली." त्यांनी माझाच ग्लास माझ्यासमोर सरकवला. "आता तू सांग. खोटं नको. कसला वास येतोय?"

"सडक्या सफरचंदाचा," मी म्हणाले. "आणि व्हिनेगरचा."

ते डोळे मिटून ऐकत होते.

"अजून?"

मी ग्लास पुन्हा नाकाशी नेला.