दुसऱ्या घंटेनंतरचा निरोप

तुमच्या आजोबांचे पणजोबा संगीत नाटकांत नायिकेचं काम करत. पुढे त्यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, आणि तेव्हापासून या घरात प्रत्येक पिढीत कोणीतरी रंगमंचावर उभं राहिलं. घरातलं मूल पहिल्यांदा काम करणार असलं की तोंडाला रंग लावताना त्याला एक गोष्ट सांगायची, अशी रीत आहे. ती तुम्ही बाबांकडून एरवीही ऐकली आहे. दुसरी घंटा झाली आणि घरून निरोप आला, तीन वर्षांचा मुलगा गेला. पणजोबांनी डोळे पुसले, काजळ पुन्हा घातलं आणि प्रयोग केला. त्या दिवशी पदाला तीन वन्समोअर मिळाले.

त्यानंतर या घरात कोणीही प्रयोग सोडला नाही.

गेल्या गणपतीत आजोबा आणि मी तुमच्या आत्याकडे डब्लिनला, सँट्रीत होतो. तिथल्या मराठी मंडळाचं नाटक शनिवारी दुपारी तीनला सिटीवेस्टच्या हॉलमध्ये होतं. आत्याचं काम मुख्य. आजोबा न्यूमोनियाने तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. सकाळी नर्सने फोनवर "ग्रँड आहेत", म्हणजे ठीक आहेत, म्हणून सांगितलं, तेव्हा आत्या त्यांना न भेटता थेट हॉलवर गेली. एकच्या सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मुलीला बोलावून घ्या, म्हणाले.

मी फोन केला.

"आई, दोन तासांचं तर नाटक आहे. पडदा पडला की तशीच निघते."

"आत्ता नीघ."

"आणि बाबा काय म्हणतील? आपल्या घरात कोणी प्रयोग सोडलाय? मला रंग लावताना त्यांनीच सांगितलंय."

तेव्हा मी तिला उरलेली गोष्ट सांगितली. ती मला सासूबाईंनी सांगितली होती, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी, आणि त्यांना खुद्द त्या मुलाच्या आईने. निरोप मुलगा गेल्याचा नव्हता. मुलगा बापाला बोलावतोय, असा होता. घर थिएटरपासून दोन गल्ल्यांवर होतं. मूल गेलं ते दुसरा अंक चालू असताना. ती बाई पुन्हा कधी नवऱ्याच्या नाटकाला गेली नाही.

 "निघते," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

ती आली ती रंगासकट, नाकात नथ, नऊवारीवर रेनकोट. आजोबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"एवढा भडक रंग कोणी लावला?"

"मंडळातल्या ताईंनी."

"पूस. इथले पेशंट घाबरतील." मग हळूच विचारलं, "प्रयोग?"

"होतोय, बाबा. माझं काम दुसरी करतेय, हातात वही घेऊन."

त्यांनी तिचा हात धरला. ते रागावले होते की नाही, मला खरंच माहीत नाही. पावणेपाचला ते गेले, हात तिच्याच हातात होता.

तेरावा झाल्यावर आत्या भांडी पुसून प्रेसमध्ये ठेवत होती. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मी सकाळीच त्यांच्याकडे गेले असते. तेव्हा ते नीट बोलत होते."

आजोबांना त्या गोष्टीचा फार अभिमान होता, म्हणून मी गप्प राहिले होते. हे तिला सांगून तिची सकाळ परत आली नसती. तुमच्यापैकी कोणाला पहिल्यांदा रंग लावतील, तेव्हा बाबांना मी लिहून ठेवलेलं हे पानही वाचायला सांगा.