सत्तराचा पुडा

नीलाबाईला सत्तरपर्यंतच मोजता येतं, हे मला या मार्चपर्यंत माहीत नव्हतं. चार वर्षं मी तिच्या गावात गुरुजी आहे, तिची मयुरी माझ्याच पहिलीत, तरी नव्हतं. शिकवणाऱ्या माणसाला फार बोलायची सवय असते, विचारायची नसते.

पोंभुर्ण्यापासून आत आमचं गाव. शाळेचं कुंपण संपलं की जंगल. मार्चमध्ये गावालगत वाघ फिरू लागला, त्याने एक गाय मारली आणि शाळा आठ दिवस बंद झाली. पाच वाजता दारं लावा, मोहफुलं वेचायला एकट्याने जाऊ नका, असं वनखात्याची माणसं सांगून गेली. त्यांच्या पाठोपाठ मी घरोघर फिरलो. "पहिलीच्या पोरांचं शंभरापर्यंत मोजणं घरी पक्कं करून घ्या. शाळा उघडली की सगळ्यांसमोर म्हणायला लावणार," असं प्रत्येक आईला बजावलं. वर आईचं महत्त्व यावर भाषणही ठोकलं. तसं भाषण ठोकायला मला वाघ लागत नाही.

नीलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा नवरा इसरू सातवी शिकलेला, पण तो मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. ती स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही.

"हाव जी, गुरुजी," ती म्हणाली. मी तिला दुसरं काही म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

मग आठ दिवस, पाच वाजल्यापासून, दार लावून त्या मायलेकी एका खोलीत. मध्ये चिंचोक्यांचा ढीग. नीलाबाईला मोजणं येत होतं ते तेंदूपत्त्याचं, म्हणजे विडीच्या पानांचं. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा होतो. लहानपणापासून दर उन्हाळ्यात तिने सत्तर पानं मोजली, दोरी बांधली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. एकाहत्तरची गरज तिला कधी पडलीच नाही. तिने पोरीला तेच शिकवलं, आणि जीव लावून शिकवलं.

शाळा उघडली त्या दिवशी सगळ्या आया आल्या होत्या. बाजूच्या गावांतले दोन शिक्षकही मी मुद्दाम बोलावले होते. मयुरी ऐटीत उभी राहिली. एकेक चिंचोका सरकवत न अडखळता मोजत गेली. "अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर." मग थांबली, दोन्ही हातांनी हवेत गाठ मारली आणि खणखणीत म्हणाली, "बांधला! एक, दोन, तीन..."

मी हसलो. चांगला खदखदून हसलो. मग पाहुणे हसले, मग पोरं. आयांपैकी एकही हसली नाही, कारण त्या सगळ्या तशाच मोजतात. मयुरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. नीलाबाईने मान खाली घातली होती.

चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत ती शाळेत आली.

"पोरगी माह्याजवळ अभ्यासाले बसत नाई, गुरुजी. मने, तुले येत नाई. पाच वाजले का दार लागते. ती भिताडाकडं तोंड करून बसते, मी चुलीकडं. बाहेर वाघ अन् आंदर हे. मी जाऊ कुठी?"

"संध्याकाळी माझ्याकडे पाठव," मी बोलून गेलो. पाचनंतर पोरीला आणणार कोण आणि नेणार कोण? शिवाय मी स्वतःच रोज साडेचारच्या गाडीने पोंभुर्ण्याला पळत होतो. हे तिलाही ठाऊक होतं. 

"मग तुला सत्तरपर्यंतच येतं, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी इचारलं काऊन नाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुढचं मी शाळेत शिकवतो," एवढंच म्हणालो. "घरी तू तिच्याकडून ऐकत जा."

मयुरी हुशार. पंधरा दिवसांत शंभरावर पोचली. एप्रिलअखेर वाघ पिंजऱ्यात गेला, गावाची दारं उघडली. निकालाच्या दिवशी नीलाबाई आली नाही, म्हणून दोन-चार दिवसांनी प्रगतिपत्रक घेऊन मीच तिच्या घरी गेलो.

अंगणात पुडे बांधणं चाललं होतं. मयुरी मोजत होती, आई पानावर पान ठेवत होती. सत्तर झाली. नीलाबाईचा हात आपोआप दोरीकडे गेला. मयुरी थांबली नाही. "एकाहत्तर." आईने दोरी दातात धरली आणि पुढचं पान ठेवलं. शंभर होईपर्यंत ठेवत राहिली. मग तो जाडजूड पुडा कसाबसा बांधला.

"फळीवर घेतील का हा?" मी विचारलं. फळी म्हणजे पुडे मोजून घेतात ती जागा.

"नाई घेत. हा घरीच ठेवाचा हाय."

मयुरी प्रगतिपत्रक घेऊन आत पळाली. मला बरं वाटलं होतं, तसं मी बोलूनही दाखवलं. नीलाबाई माझ्याकडे न पाहता पानं सारखी करत राहिली.

"बहात्तरच्या म्होरं काय येते, गुरुजी?" तिने हळूच विचारलं. "तिले इचारलं का हासते. तुमी हासले ना, तशीच हासते."