विहिरीची अब्रू

मोबाईलवर मापं भरायची नोकरी होती माझी, कंत्राटी. अकोट तालुक्यातल्या गावांत जायचं, पिण्याच्या विहिरीत टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते मोबाईलच्या फॉर्मात टाकायचं अन् 'पाठवा' दाबायचं. आकडा अकोल्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसायचा. पाणी ठरलेल्या खोलीच्या खाली गेलेलं असलं की गावाला टँकर. एका विहिरीचं महिन्यातून एकच माप. साहेब म्हणायचे, फार सोय झाली. कोणाची झाली ते मी अजून शोधून राहिलो.

त्या वर्षी पावसानं पुन्हा दगा दिला होता. खारपाणपट्ट्यातलं गाव, हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. गोडं पाणी एकाच विहिरीला, भाजीपाला पिकवणाऱ्या एका मावशीच्या मळ्यात. सारं गाव तिथंच भरायचं. मी दोन दिवस आधी मावशीला फोन करून येतो म्हणून कळवलं. तेवढी अक्कल पाजळली.

टेप सोडला तर पाणी चांगलं वर. मलाही बरं वाटलं. आकडा टाकला, 'पाठवा' दाबलं. तेव्हा मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "कालपासून एकीनंबी पोहरा टाकला नाही भाऊ. हापशीचं खारं पेलो आमी. तुमी पाहाले येनार, अन् विहीर कोरडी दिसली तं गावाची काय अब्रू राहिली?"

टँकर मागायचा अन् विहीर नटवून दाखवायची, पोरगी दाखवतात तशी. असा संताप आला की विचारू नका. पण काढायचा कोणावर? ज्यांच्यावर काढायचा त्या गावातल्या बाया मावशीच्या मागं तहानलेल्याच उभ्या होत्या.

एक आशा होती. गावात रेंज बोलण्यापुरतीच, नेटची नव्हती, म्हणजे आकडा अजून मोबाईलातच होता. नेट मिळालं की तो आपोआप सुटणार, अन् खोडायची सोय नव्हती. मी मोबाईल बंद केला, खिशात कोंबला अन् अकोटवरून एसटीनं अकोल्याला निघालो. वाटभर खिशावर हात ठेवून होतो, आत साप असल्यासारखा.

ऑफिसात नोंदी पाहणारी ताई होती. तिला सगळं सांगितलं.

"मोबाईलातून येते ते मले फक्त दिसते भाऊ," ती म्हणाली. "बदलता येत नाही, मिटवता येत नाही."

"मंग पाठवतच नाही मी."

"नका पाठवू. आज शेवटची तारीख हाय. आकडा नाही आला तं गाव यादीतूनच जाते. परत घालता घालता पावसाळा येईन. पाठवलं तं पुढच्या महिन्यात दुसरं माप तरी घेता येईन."

"कागदावर लिहून देतो न."

"कागद घेनं बंद झालं."

म्हणजे पाठवलं तर महिना गेला, नाही पाठवलं तर उन्हाळा गेला. ती बिचारी तरी काय करणार, तीही त्याच कॉम्प्युटरला बांधलेली. मी मोबाईल चालू केला. थोड्या वेळानं तिच्या पडद्यावर गावाच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत उमटलं, 'पाणी पुरेसे'. आम्ही दोघंही त्याकडे बघत बसलो.

पुढच्या महिन्यात न कळवता गेलो. टेप थेट तळाच्या गाळात टेकला. आकडा भरला, आता टँकर येणार होता. मावशीनं विचारलं, "मांगच्या महिन्यात काहून नाही आला हो टँकर?"

"वरूनच मंजूर नाही झाला," मी म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांच्या पाहुणचारानंच घात केला, हे कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

ती घरात गेली अन् तांब्या घेऊन आली. "घ्या भाऊ. खारं नाही, गोडं हाय. तुमी कवा यान काय मालूम, म्हनून झाकून ठेवलं होतं."

नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्यासमोर उभा राहून मी तो तांब्या रिकामा केला.